ग्वाल्हेरची मोठी शाळा आणि आपली पंधरा मुले

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाडा नावाचा चौक आहे. बाडा म्हणजे आपला वाडाच. भोवतालच्या पेठांची नावे दौलतगंज, जनकगंज, जीवाजीगंज, माधवगंज अशी; म्हणजे दौलतराव, जनकोजी, जीवाजी, माधवराव अशी शिंद्यांची वंशावळच रस्त्यांवर लिहिलेली. 'लष्कर' हे नावही दौलतरावांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी जो तळ दिला त्यावरून पडले. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे हे घराणे. बेळगाव-खानापूरकडचा माणूस या चौकात उभा राहिला की त्याच्या मनात पहिला विचार हाच येतो, की इथे राजाच मराठी होता. मग मराठी शाळेसाठी इथल्या लोकांना मोर्चा काढावा लागला नसेल!

आम्हांलाही तसेच वाटत होते. म्हणून या भाषा विशेषांकासाठी लिहायचे ठरले तेव्हा आम्ही आपल्याच गावच्या शाळेचे रडगाणे पुन्हा न गाता ग्वाल्हेरकडे पाहायचे ठरवले. तिथली मोठी सरकारी शाळा काय शिकवते, कोणत्या भाषेत शिकवते आणि तिथे शिकलेल्या मराठी घरच्या मुलाच्या हाती पुढे काय लागते, एवढेच पाहायचे होते.

आधी एक घोटाळा दूर करू. ग्वाल्हेरची शाळा म्हटले की लोकांना किल्ल्यावरची सिंदिया स्कूल आठवते. ती १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी निघाली, तिचे नावही तेव्हा सरदार स्कूल होते. १९३३ साली तिला आजचे नाव आणि पब्लिक स्कूलचे स्वरूप मिळाले. इंग्रजांच्या या 'पब्लिक' शब्दाची गंमत अशी, की तिथे पब्लिक सोडून बाकीचे शिकतात. आमचा विषय ती नाही. आमचा विषय किल्ल्याखालची, साध्या घरातली पोरे जिथे जातात ती शाळा.

अशा शाळांत गोरखीचे नाव फार मोठे. बाड्यालगतच्या गोरखीत, म्हणजे शिंद्यांच्या जुन्या राजवाड्याच्या आवारात, ती भरे. अटलबिहारी वाजपेयींचे शालेय शिक्षण याच शाळेत झाल्याचे ग्वाल्हेरकर अभिमानाने सांगतात. वाजपेयींचा जन्म १९२४चा, शिंदे की छावनी या मोहल्ल्यातला. वडील कृष्णबिहारी हे शाळामास्तर. घरची भाषा हिंदी, पण लष्करच्या गल्ल्यांत वाढलेल्या या मुलाला मराठी चांगली समजे आणि पुढे महाराष्ट्रातल्या सभांतून त्यांनी ती बोलूनही दाखवली. आता याच संस्थानातली उलट गोष्ट पाहा. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली संस्थानातल्या श्योपूरला जन्मले. घर मराठी, वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. शाळा हिंदी मुलखातली, आणि हा मुलगा हिंदीतला थोर कवी झाला. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र पुढे नागपूरकडे गेले आणि मराठीत कवी व समीक्षक म्हणून नावाजले. एका आईची दोन मुले, दोघेही कवी, पण दोन भाषांचे. ग्वाल्हेरलाच १९१७ साली जन्मलेले प्रभाकर माचवे हिंदी आणि मराठी दोन्हींत लिहीत राहिले. आम्ही यात कुणाला दोष देत नाही. मुक्तिबोध हिंदीत गेले म्हणून हिंदी श्रीमंत झाली, हे सरळ आहे. घरात आईची भाषा असली तरी लिहिता हात शाळेच्या आणि नोकरीच्या भाषेकडे वळतो, एवढेच नोंदवून ठेवायचे.

मग राजा मराठी असून असे का झाले?

याचे उत्तर शोधताना आम्हांला ग्वाल्हेरचे दोन जुने धंदे सापडले. त्यांना कुणी 'व्यावसायिक अभ्यासक्रम' म्हटले नव्हते, पण होते ते तेच.

पहिला धंदा कारकुनीचा. शिंद्यांच्या दफ्तराचे जुने कागद मोडीत आहेत. त्यांतले किती तरी आनंदराव भाऊ फाळक्यांनी 'शिंदेशाही इतिहासाची साधने' या नावाने ग्वाल्हेरहून छापून काढले. ज्याला मोडी वळणदार येते, जमाखर्च येतो, पत्राचा मायना येतो, त्याला संस्थानात भाकरी होती. त्यामुळे मराठी येणे ही नुसती अस्मितेची बाब नव्हती, ती पोटाची सोय होती. पण कचेऱ्यांत हिंदी आणि इंग्रजी बसली तशी मोडीची किंमत उतरत गेली. भाषा कुणी बंद केली नाही. तिच्यावर मिळणारा पगार बंद झाला.

दुसरा धंदा गाण्याचा, आणि इथे मात्र कथा वेगळी झाली. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा हे आपल्याच पंचक्रोशीतले. ख्यालगायकी शिकायला त्यांनी घर सोडले, ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडून विद्या घेतली आणि ती मिरज-इचलकरंजीकडे आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर हे कुरुंदवाडचे. त्यांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. म्हणजे ग्वाल्हेरचा माल आपल्या कृष्णाकाठी आला आणि इथून पंजाबात गेला. पुढे १९१८ साली माधवराव शिंद्यांनी भातखंडे यांच्या सल्ल्याने ग्वाल्हेरला संगीताची शाळा उघडली, तेच आजचे माधव संगीत महाविद्यालय. ही शाळा उघडण्याआधी एक व्यवहारी गोष्ट केलेली दिसते. ग्वाल्हेरातले काही गवई निवडून आधी भातखंड्यांकडे मुंबईला शिकायला धाडले. राजाभैया पूंछवाले त्यांतलेच, पुढे याच शाळेचे प्रमुख झाले. म्हणजे आधी मास्तर तयार केले आणि नंतर घंटा वाजवली. आजच्या काळात आधी फलक लागतो, मग यंत्रे येतात, ती गंजल्यावर मास्तराची जागा भरतात, असो.

या गायनशाळेचे वर्ग होते, इयत्ता होत्या, परीक्षा होत्या, स्वरलिपी होती. उस्तादाच्या घरी बारा वर्षे हुक्का भरून जे मिळे ते फळ्यावर आले. त्या शिक्षणाच्या मुळाशी असलेले 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हे शास्त्रावरचे मोठे पुस्तक भातखंड्यांनी चार भागांत लिहिले ते मराठीत. हिंदी मुलखातल्या विद्यार्थ्यांसाठी त्याचे पुढे हिंदीत भाषांतर करावे लागले. ज्या धंद्याचे पुस्तक मराठीत होते त्या धंद्यापुरते मराठीकडे लोकांना यावे लागले. तिथे कुणी मराठी सक्तीची केली नव्हती.

हे दोन धंदे शेजारी ठेवले की ग्वाल्हेरचे कोडे बरेच सुटते. राजा कोण होता, यापेक्षा पगार आणि पुस्तक कोणत्या भाषेत होते, हे महत्त्वाचे ठरले.

आता आजची शाळा. मध्य प्रदेशात जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी 'उत्कृष्ट विद्यालय' असते. ग्वाल्हेरचे मुरार भागात आहे. नववीला प्रवेशपरीक्षा देऊन मुले घेतात. अकरावी-बारावीला गणित, जीवविज्ञान, वाणिज्य, कला, कृषी असे वेगवेगळे 'संकाय' मंडळाने ठेवलेले आहेत. आपण ज्याला शाखा म्हणतो ते. २०२१-२२ पासून 'सीएम राइज' नावाने मोठ्या सरकारी शाळा बांधायला घेतल्या, २०२५ साली त्यांना सांदीपनी विद्यालय असे नाव दिले. लहान शाळा एकत्र करून एकच मोठी, बससकट, प्रयोगशाळेसकट शाळा करायची, ही त्यामागची कल्पना. याशिवाय राष्ट्रीय कौशल्य आराखड्याचे विषय नववीपासून आले आहेत: माहिती तंत्रज्ञान, वीजकाम, आरोग्यसेवा, किरकोळ विक्री, सौंदर्यसेवा, शेतीचे काही विषय. पोराने दहावीच्या दाखल्याबरोबर हाताला काही काम घेऊन बाहेर पडावे हा हेतू चांगलाच आहे, आम्ही त्याची थट्टा करणार नाही.

आणि मराठी? मराठी आहे. भोपाळच्या मंडळाच्या दहावीच्या वेळापत्रकात ती गुजराती, पंजाबी, सिंधी यांच्या रांगेत एका दिवशी, तिसऱ्या भाषेच्या जागी येते. एक पेपर. ज्या शहरात १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने पहिल्यांदा एक स्त्री संमेलनाची अध्यक्ष झाली, जिथे भा. रा. तांबे राजकवी होते आणि १९४१ साली जिथे त्यांनी देह ठेवला, त्या शहरात शाळेतली मराठी एवढी.

यात तारखेचाही खेळ आहे, तो सीमाभागातल्या वाचकाने ध्यानात ठेवावा असा. १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आपल्याला काळा दिवस म्हणून पाठ आहे. त्या दिवशी बेळगाव, कारवार, बीदरचा भाग म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढे सुटले. त्याच दिवशी ग्वाल्हेरचा मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात गेला. जुन्या मध्य प्रदेशात, नागपूर राजधानी असताना, हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला आली, तेव्हा त्या राज्यातले मराठीचे ते स्थानही गेले. ग्वाल्हेर-इंदूरची मराठी माणसे ज्या राज्यात दाखल झाली, तिथून मराठी त्याच दिवशी दुसऱ्या दाराने निघून गेली होती. आपल्याकडे त्या दिवशी हरताळ पडतो. तिकडे त्याच दिवशी राज्याचा स्थापना दिवस साजरा होतो.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचे यात नुकसान झाले का? पैशाच्या हिशेबाने फार नाही. हिंदी जवळची, लिपी एकच, नोकऱ्या मिळाल्या. घरात मराठी राहिली. ती 'जाऊन राहिलो, करून राहिलो' अशा थाटाची झाली, पण राहिली. गणपती बसतो, कीर्तन होते. तानसेन समारोहाची सुरुवात आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते. मात्र घरातली भाषा आणि शाळेतली भाषा यांच्यात जो उंबरठा तयार झाला, तो नातवंडांना चढवेनासा होतो. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. आपल्याकडे अजून नातू मराठीत उत्तर देतो, पण गणिताचा पाढा इंग्रजीत म्हणतो.

आता आपल्या शाळेकडे येऊ. आपली सगळी लढाई प्राथमिक शाळेची झाली. घटनेचे ३५०-अ हे कलम १९५६च्या सातव्या दुरुस्तीने आले; भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे ते सांगते, पण प्राथमिक टप्प्यापुरतेच. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मातृभाषा किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत असावी म्हणते. तेच धोरण निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५पर्यंत व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी असेही म्हणत होते, आणि त्या शिक्षणाचा मुख्य भर नववीनंतर येतो. म्हणजे ज्या थांब्यावर भाषा गाडीतून उतरते त्याच थांब्यावर धंदा गाडीत चढतो. दोघांची गाठच पडत नाही. हे कुणी मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही, पण परिणाम व्हायचा तो होतोच.

आकडे जुनेही आहेत. १९८६च्या धोरणाने उच्च माध्यमिकच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना १९९०पर्यंत आणि पंचवीस टक्क्यांना १९९५पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे नेण्याचे ठरवले होते. १९९२ साली या मुदती पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलल्या. त्याच काळात महाराष्ट्राने अकरावी-बारावीला 'किमान कौशल्य' अभ्यासक्रम काढले. चंदगड-गडहिंग्लजकडच्या पोरांना ते मराठी मास्तरांकडून शिकायला मिळाले. घाटाच्या अलीकडच्या आपल्या पोराला पीयूसीला माध्यम कन्नड नाही तर इंग्रजी. मराठी तिथे एक विषय म्हणून, तोही कॉलेजात शिक्षक असेल तर. कर्नाटकाच्या दहावीतही कौशल्याचे विषय तिसऱ्या भाषेच्या बदली, त्याच दिवशीच्या पेपरात येत आले आहेत. तासिका मोजक्याच असतात. धंदा वर्गात आला की बाकावरून सरकायला पहिल्यांदा तिसऱ्या भाषेला सांगतात. ग्वाल्हेरला मराठी याच बाकावर बसली आहे.

पालक काय करतो? तो पुढचा रस्ता पाहतो. दहावीनंतर मराठी संपणारच असेल तर पहिलीतच इंग्रजीत घालू, हा त्याचा हिशेब. आम्ही वर्षानुवर्षे सभांतून त्याला अभिमान शिकवला. त्याने टाळ्याही वाजवल्या आणि जूनमध्ये पोराला पिवळ्या बसमध्ये बसवले. तो चुकला असे म्हणायची आमची छाती होत नाही, कारण आमच्यातल्याही कित्येकांच्या घरासमोर ती बस थांबते.

पण एक गोष्ट या हिशेबात धरलेली नाही. बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाचे ओतकाम होते, पंप आणि यंत्रांचे भाग बनतात. तिथे भट्टी, साचा, कानस, पकड हेच शब्द रोज कानावर पडतात. वडगाव-शहापूरच्या मागावर धोटा आणि ताणा चालतो. सुताराकडे रंधा, पटाशी, गुण्या, करवत. गवंड्याकडे थापी आणि ओळंबा. खानापूरला खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे, तिथली माती कालवणाऱ्या हातांनाही शब्द आहेत. म्हणजे धंद्याची मराठी इथे जिवंत आहे, कन्नडशी देवघेव करीत आहे, आणि ती शिकवायला कोशमंडळ नेमावे लागत नाही. फक्त हे शब्द शाळेच्या पुस्तकात नाहीत आणि दाखल्यावर नाहीत. अठरा वर्षे ओतकाम केलेला माणूस तोंडी परीक्षेत गप्प बसतो, कारण विचारणारा इंग्रजीत विचारतो. उलट इंग्रजीत पाठ करून आलेल्या पोराला भट्टीजवळ उभे केले की त्याला काय आणू म्हणून सांगितलेले कळत नाही.

दुसरीकडे असे नसते का? इटलीच्या उत्तरेला दक्षिण तिरोल नावाचा डोंगराळ प्रांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर तो ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. लोक जर्मन बोलणारे. १९२३पासून फॅसिस्ट राजवटीने जर्मन शाळा बंद करत आणल्या, तेव्हा लोकांनी घरांतून, माळ्यांवरून चोरून वर्ग चालवले. आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पण पुढे १९७२च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर तिथल्या लोकांनी जर्मन बालवाडीवर समाधान मानले नाही. सुतार, खानसामा, वीजतंत्री यांचे शिक्षणही जर्मनमधून चालेल अशी व्यवस्था उभी राहिली, आणि सरकारी नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा आली. पोरगा जर्मनमध्ये धंदा शिकतो आणि इटालियनही शिकतो. आम्हांला यातला दुसरा भागही महत्त्वाचा वाटतो. कन्नड आपल्या पोराला यावीच. बाजारपेठेत, कचेरीत, शेजारात तिचा उपयोग आहे. ती येते म्हणून मराठी जायला हवी, असे कोणत्याच गणितात बसत नाही.

महाराष्ट्राने ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत जागा राखून ठेवल्या आहेत, त्यांचा फायदा झाला आहे. पण त्या जागा घर सोडणाऱ्या पोरांच्या आहेत. जो पोरगा गावातच राहणार, शेती सांभाळून वायरिंग किंवा गवंडीकाम करणार, त्याच्यासाठी सोलापूर-कोल्हापूरची राखीव जागा काय कामाची? त्याला वर्ग हवा तो तालुक्याच्या गावी, सायकलच्या टप्प्यात.

मग मागायचे काय आणि कशाच्या आधारावर? इथे एक जुना आकडा उपयोगी पडतो. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत प्राथमिकसाठी ठरले होते, की शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले अल्पसंख्य भाषेची असली तर त्या भाषेतून शिकवायची सोय करावी. हा आकडा आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच्या पुढचा ठाऊक नाही. माध्यमिकच्या वरच्या चार वर्गांत मिळून साठ आणि प्रत्येक वर्गात पंधरा मुले असली तर माध्यमिकलाही तशी सोय करावी, आणि नव्याने सुरुवात करताना पहिली चार वर्षे वर्गात पंधरा असली तरी पुरे, असेही १९६१च्या सुमारास राज्यांनी मान्य केले होते. हा कायदा नव्हे, मान्य केलेले संरक्षण आहे. कोर्टात ते किती टिकेल ते वकिलांनी सांगावे. पण भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे अहवाल याच आकड्यांवर राज्यांना जाब विचारत आले आहेत. साठ आणि पंधरा. एका गावात पंधरा भरत नसतील तर शेजारच्या शाळांतली मुले जोडून घेण्याचीही त्यात तरतूद आहे.

तेव्हा आठवी-नववीच्या मराठी वर्गाला एक धंद्याचा विषय जोडून मागावा, ओतकाम, वीजकाम, कुंभारकाम जे त्या गावचे असेल ते, आणि शिकवायला गावातलाच कारागीर नेमावा. माधव संगीत विद्यालयाने गवई आधी तयार केले तसे. पुस्तक भातखंड्यांएवढे चार भागांचे नको, चाळीस पानांचे पुरे.

मागणीची रीतही ठरलेली आहे. पालकाने आपल्या पाल्याची भाषा शाळेच्या नोंदवहीत आगाऊ लिहायची असते. ही नोंद शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी उघडावी आणि पंधरा दिवस आधी पुरी व्हावी, असे त्या संरक्षणांत म्हटले आहे. आपल्याकडे शाळा जूनच्या तोंडावर उघडतात. म्हणजे नोंदवही मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या टेबलावर असायला हवी. नसेल तर ती मागायची, आणि दिली नाही तर नाही म्हणून लेखी घ्यायचे. मेच्या मध्यापर्यंत त्या वहीत पंधरा नावे भरायची आहेत.